सिंधुदुर्गाच्या शकावलीसाठीं प्रसिद्ध साधनें संगणकानें कशीं मागवावीं

मालवणच्या किनाऱ्याची इ. स. १६६० पासून १८१२ पर्यंतची एक तपशीलवार शकावली तयार करावी, असें आमच्या मनांत बरेच दिवसांपासून होतें. शेवट १८१२ वर घेण्याचें कारण उघड आहे. त्या सालच्या तहानें कोल्हापूरकरांनीं मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांच्या स्वाधीन केले. या दीडशें वर्षांचीं साधनें आतां फारशीं अज्ञात राहिलेलीं नाहींत. राजवाड्यांच्या १८९८ पासूनच्या खंडांत, पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांच्या ४५ भागांत, पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं उजेडांत आणलेल्या गोव्याच्या कागदांत, १९३१ सालीं पुण्यास छापलेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहांत व मुंबई इलाख्याच्या १८८० च्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडांत तीं विखुरलेलीं आहेत. यांपैकीं पुष्कळ ग्रंथ आज घरबसल्या संगणकाच्या जाळ्यावर वाचावयास मिळतात. म्हणून साधन सांपडेल कीं नाहीं ही विवंचना नव्हती. तें कोणत्या वाटेनें आणावें, एवढाच प्रश्न होता. आणि तो प्रश्न कारागिराचा आहे, इतिहासकाराचा नव्हे, असें समजून आम्हीं तो एका तरुण मित्रावर सोंपविला होता.

ही आमची चूक होती. शकावलीचा पहिला खर्डा तयार झाला तेव्हां त्यांत सिंधुदुर्गाच्या शिलान्यासाची नोंद तीन ठिकाणीं आढळली. एकदां ता. २५ नोव्हेंबर १६६४, एकदां ता. ५ डिसेंबर १६६४ आणि एकदां ता. १५ डिसेंबर १६६४. तिन्ही नोंदी संगणकानें आणलेल्या, तिन्हींच्या खालीं कोठून आणलें तें लिहिलेलें, आणि तिन्ही एकाच घटनेच्या. खर्डा आम्हीं मालवण तालुक्यांतील एका वृद्ध संग्राहकांकडे तपासण्यास पाठविला होता. त्यांनीं समासांत एवढेंच लिहून परत केला: ‘पायाचा दगड महाराजांनीं कितीदां बसविला?’

या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. संगणकाचें नांव काढतांच हस्तलिखितांचे कांहीं संग्राहक मासिक मिटवून ठेवितात हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पुढील विवेचनांत नकल, ताळा आणि मिती यांखेरीज त्यांना अपरिचित असें फारच थोडें येईल.

प्रथम खरी तारीख कोणती तें पाहूं. मालवणास कुरटे बेटासमोर किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. तेथें पूजन होऊन किल्ल्याच्या कामास आरंभ झाला, तो दिवस शके १५८६ मार्गशीर्ष वद्य द्वितीया हा होय, अशी रूढ गणना आहे. अमान्त महिना धरून गणित केलें असतां ही तिथि जुन्या म्हणजे ज्युलियन गणनेच्या २५ नोव्हेंबरास येते, आणि वार शुक्रवार. नव्या म्हणजे ग्रेगरियन गणनेप्रमाणें तोच शुक्रवार ५ डिसेंबर होय; कारण त्या शतकांत दोन्ही गणनांत दहा दिवसांचें अंतर होतें. म्हणजे २५ नोव्हेंबर व ५ डिसेंबर या दोन तारखा नसून एकाच दिवसाचीं दोन नांवें आहेत. दोन्ही बरोबर, मात्र गणनेचें नांव जोडलेलें असेल तरच. तेंच २५ नोव्हेंबर नव्या गणनेचें समजलें तर त्या दिवशीं मंगळवार आणि मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा सुमार निघतो. पंधरवडाच बदलतो.

याची दुसरी प्रतीति किल्ला पुरा झाल्याच्या मितीवरून येते. ती शके १५८९ चैत्री पौर्णिमा, ता. २९ मार्च १६६७ अशी देतात. जुन्या गणनेनें त्या दिवशीं पौर्णिमा बरोबर येते. नवी गणना धरली तर त्या रात्रीं आकाशांत चवथ-पंचमीची कोर दिसावयास पाहिजे. तिथींच्या घोळांत एक-दोन दिवसांची चूक कोणीही करील. पण पौर्णिमा चुकणें कठीण. मालवणचा होडीवालासुद्धां पंचांग न पाहतां भरतीच्या पाण्यावरून ती सांगतो.

मग १५ डिसेंबर कोठून उपजला? तो कोणाच्याही कागदांत नाहीं. तो आमच्या यंत्रानें जन्मास घातला, आणि त्याची कुळकथाच या लेखाचा विषय आहे.

ज्या यंत्रानें हा खर्डा तयार झाला त्याला त्या धंद्यांत ‘सॉफ्टवेअर लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांच्या लायब्ररीशीं तिचा संबंध नाहीं. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एकदां नीट लिहून, पारखून, बांधून ठेवावयाच्या, म्हणजे पुढें जो कोणी प्रोग्राम लिहील त्याला त्या पुन्हां लिहाव्या लागूं नयेत, अशी ही पेटी आहे. आमच्या पेटीचें काम एवढेंच कीं, मालवण किनाऱ्यासंबंधीं जाळ्यावर प्रसिद्ध झालेली नोंद मागवावी, तिची तारीख ओळखावी व ती शकावलींत योग्य जागीं बसवावी. तिच्यावर विसंबून पुढें इतरांनींही आपापल्या शकावल्या कराव्या हा हेतु असल्यामुळें तिच्यांतील चूक आमच्यापुरती राहणारी नव्हती. एका कारकुनानें चुकीची नकल केली तर एक कागद बिघडतो. नकल करण्याचा साचाच चुकला तर त्या साच्यांतून निघालेलें सर्व दफ्तर बिघडतें.

जाळ्यावरून नोंद मागविण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली अशी कीं, मनुष्याला वाचण्यासाठीं केलेलें पान यंत्रानें उघडावें आणि त्यांतील हवा तो मजकूर खरवडून घ्यावा. दुसरी, संस्थेनें यंत्रांसाठीं निराळी खिडकी उघडली असेल तर तेथें ठरल्या नमुन्याची चिठ्ठी द्यावी व ठरल्या नमुन्याचें उत्तर घ्यावें. या खिडकीला एपीआय म्हणतात. तिसरी, संस्थेनें आपला सगळा संग्रह एकत्र बांधून आवृत्तीचा अंक घालून प्रसिद्ध केला असेल तर तें गाठोडेंच एकदां उतरवून घ्यावें आणि पुढें आपल्या घरींच शोधावें. दफ्तरखान्यांत ज्यानें काम केलें आहे त्याला या तिन्ही पद्धति ओळखीच्या वाटतील. फलकावरची यादी उतरवून घेणें, चिठ्ठी देऊन कागद मागविणें आणि रुमालच्या रुमाल उतरवून आणणें, यांचींच हीं रूपें होत.

आमच्या तरुण मित्रानें तिन्ही वाटा एकदम चालविल्या होत्या. जेथें जी सोपी तेथें ती. खरवडलेल्या पानावरून २५ नोव्हेंबर हे नुसते अंक आले. पानाच्या शेवटीं कोठें तरी ‘तारखा जुन्या गणनेच्या’ अशी टीप असली तरी खरवडणाऱ्याला ती दिसत नाहीं. त्याला चौकटींतला आंकडा तेवढा दिसतो. ग्रंथाच्या प्रस्तावनेंत एकदांच दिलेली सूचना आणि आंतल्या शेंकडों तारखा यांचा संबंध मनुष्याच्या ध्यानांत राहतो, यंत्राच्या राहत नाहीं. पहिल्या वाटेचा हाच मोठा दोष आहे. पान बदललें कीं वाट मोडते हा दुसरा दोष लोक फार सांगतात, पण मोडलेली वाट निदान मोडल्याचें कळतें.

दुसऱ्या वाटेवर याहून नवलाचा प्रकार घडला. विकिडेटा नांवाचा जगांतील कोणासही भर घालतां येईल असा नोंदींचा कोश २०१२ सालापासून चालू आहे. त्यांत तारीख साठवितांना तिच्याबरोबर गणनेचें नांवही साठविण्याची सोय आहे, आणि ही सोय करणाऱ्यांची आम्हीं मनापासून तारीफ करितों. परंतु त्या कोशास दोन खिडक्या आहेत. एका खिडकीवर नोंद मागितली असतां ती ज्या गणनेंत लिहिली तींतच मिळते, व शेजारीं गणनेचें नांव येतें. म्हणजे जुन्या गणनेचें २५ नोव्हेंबर तसेंच, ‘ज्युलियन’ या शिक्क्यासह हातीं पडतें. दुसरी खिडकी प्रश्नोत्तराची आहे. तिची भाषा स्पार्कल या नांवाची. अनेक नोंदी एकदम चाळून त्यांतून निवड करावयाची तर हीच सोयीची. पण या खिडकीवरचें साधें उत्तर देण्यापूर्वीं जुन्या गणनेच्या दिवसाचें नव्या गणनेंत रूपांतर केलेलें असतें. तोच दिवस येथून मागविला तर ५ डिसेंबर म्हणून येतो, आणि शिक्का मुद्दाम मागितल्याखेरीज येत नाहीं. कोश एक, नोंद एक, दिवस एक. आणि कोणत्या खिडकीशीं उभे राहिलां त्यावर तारीख ठरते.

यांत कोशाचें चुकलें असें म्हणतां येत नाहीं. निरनिराळ्या देशांच्या तारखा एका ओळींत लावावयाच्या तर त्या एकाच गणनेंत आणणें भाग आहे. चूक आमची. आमच्या पेटींत एक आज्ञा अशी होती कीं, १७५२ पूर्वींची प्रत्येक तारीख जुन्या गणनेची समजावी आणि नव्या गणनेंत न्यावी. इंग्रजी साधनांपुरता हा नियम अगदीं बरोबर आहे. ५ डिसेंबर हें अगोदरच रूपांतर झालेलें आहे हें त्या आज्ञेला कळलें नाहीं. तिनें त्यांत आणखी दहा दिवस मिळविले आणि १५ डिसेंबर तयार झाला. त्या दिवशीं वद्य द्वादशीचा सुमार येतो. अमावास्या दोन-तीन दिवसांवर असतां कोणी शिलान्यासाचा मुहूर्त काढला असेल काय, असा विचार मनुष्याच्या मनांत येईल. यंत्राला मुहूर्त नाहीं.

संगणकाच्या भाषांवर भिस्त ठेवून हा प्रश्न सुटत नाहीं. तारखा लिहिण्याचा जो सर्वमान्य नमुना १९८८ सालीं प्रथम ठरला, त्याप्रमाणें ‘१६६४-११-२५’ असें लिहिलें कीं ती नव्याच गणनेची तारीख समजावी लागते. पायथन भाषेंतील तारखेची नेहमीची सोयही नवीच गणना मागें इ. स. १ पर्यंत चालविते. जावा भाषेंतील जुन्या सोयींत गणना बदलते खरी, पण ती १५८२ च्या ऑक्टोबरांत, रोमच्या पोपनें बदलली तेव्हां. इंग्रजांनीं बदलली त्या १७५२ च्या सप्टेंबरांत नव्हे. आपल्याकडे तर दिवाण बहादूर स्वामीकन्नु पिल्ले यांच्या ‘इंडियन एफेमेरिस’ पासून इंग्रजी वहिवाटच मुरलेली आहे, आणि शिवकालाच्या बहुतेक रूढ तारखा जुन्या गणनेच्या आहेत. महाराष्ट्र शासनानें मान्य केलेली ता. १९ फेब्रुवारी १६३० ही महाराजांची जन्मतारीख तशीच, आणि राज्याभिषेकाची ता. ६ जून १६७४ हीही तशीच.

हा घोटाळा दुसऱ्या कोठल्या प्रांतांत इतका बाधला नसता. देशावरचे कागद बहुधा एका वळणाचे असतात. मालवणच्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. दक्षिणेस गोव्यांत पोर्तुगीज. ते नव्या गणनेनें लिहीत. वेंगुर्ल्यास १६३७ पासून डचांची वखार. ईस्ट इंडिया कंपनीचे डच कारकूनही नव्याच गणनेनें लिहीत. राजापूर व कारवार येथील इंग्रज जुनी गणना चालवीत, आणि शिवाय त्यांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. आमचे लोक शक व तिथि लिहीत, किंवा शुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहीत, आणि १६७४ नंतर राज्याभिषेक शकही. मालवणच्या बंदरांत उभा असलेला एकच गलबतांचा तांडा वेंगुर्ल्याच्या पत्रांत एका तारखेस दिसे व कारवारच्या पत्रांत दहा दिवस आधींच्या तारखेस. दोन्ही पत्रें खरीं. यंत्र मात्र दोन तांडे मोजणार.

वर्षारंभाचा फेर तर याहूनही घातक. शिलान्यासानंतर तीन महिन्यांच्या आंतच, फेब्रुवारी १६६५ मध्यें, महाराजांनीं आरमार घेऊन बसरूरवर स्वारी केली. ८५ लहान गलबतें व ३ मोठीं जहाजें घेऊन ते मालवणाहून निघाले असें जदुनाथ सरकार देतात. इंग्रजांच्या हिशेबीं तो फेब्रुवारी १६६४ सालांतच मोडतो, कारण त्यांचें १६६५ साल अजून लागलें नव्हतें. जाणते संपादक अशा ठिकाणीं दोन्ही सालें छापतात. पण पान खरवडतांना त्यांतलें एकच साल उचललें गेलें, आणि तें पहिलें असलें, तर आरमार फेब्रुवारी १६६४ मध्यें निघतें आणि किल्ल्याचा पाया त्यानंतर नऊ महिन्यांनीं पडतो! गंमत अशी कीं, शके १५८६ या आमच्या सालांत दोन्ही घटना नीट एकामागून एक बसतात, आणि शुहूर सन १०६५, म्हणजे खमस सितैन व अलफ, त्यांतही बसतात. इंग्रजांच्या जुन्या १६६४ सालांतही बसतात. घोटाळा फक्त आजच्या सालाचे डोळे लावून पाहणाऱ्याचा आहे.

एवढ्यावरून मागविण्याची वाट निवडण्याची आमची कसोटी बदलली. पूर्वीं आम्ही विचारीत असूं कीं कोणती वाट जलद, कोणती ताजी माहिती देते, कोणतीस कमी खटपट पडते. आतां प्रथम विचारतों कीं, कोणत्या वाटेनें नोंद तिच्या संदर्भासह येते. मूळ कागदांत तारीख जशी लिहिली तशी, गणनेच्या नांवासह, ज्या वाटेनें मिळेल ती वाट हळू असली तरी घ्यावी. विकिडेटाकडून आम्ही स्पार्कलच्या खिडकीवर आतां फक्त नोंदींचे क्रमांक विचारून घेतों; कोणकोणत्या नोंदी पाहावयाच्या तेवढें तिनें सांगावें. मग एकेक नोंद पहिल्या खिडकीवरून शिक्क्यासह आणतों. वेळ अधिक जातो. दोनचारशें नोंदींसाठीं तो कांहीं अपरिमित नाहीं.

तिसरी वाट, म्हणजे सबंध गाठोडें उतरवून घेण्याची, ही आम्हांस प्रथम अडाणीपणाची वाटली होती. एका किनाऱ्याच्या कामासाठीं कोणी सगळें दफ्तर घरीं आणतो काय? पण डच कागदांनीं आमचें मत फिरविलें. हेग येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद आहेत. त्यांतील पूर्वेकडून मायदेशीं गेलेल्या पत्रांचीं सुमारें ५० लक्ष पानें संगणकाकडून वाचवून त्यांचा मजकूर प्रसिद्ध करण्याचें काम अॅम्स्टरडॅमच्या हायगेन्स इन्स्टिट्यूटच्या ‘ग्लोबलाइज’ या उपक्रमानें केलें आहे. मालवणच्या अभ्यासकाला याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. वेंगुर्ल्याच्या वखारीच्या शेजारी काय घडत होतें तें पाहण्याची ही खिडकी आहे. आतां, यंत्रानें वाचलेल्या हस्ताक्षरांत चुका असावयाच्याच. त्या चुका दुरुस्त होत जातात आणि सुधारलेला मजकूर नव्या आवृत्तीचा अंक घालून प्रसिद्ध होतो. म्हणून ज्यानें प्रत्येक वेळीं ताजा मजकूर मागविला त्याची आजची शकावली आणि पुढच्या वर्षाची शकावली यांत फरक पडेल, व तो कां पडला हें त्याला सांगतां येणार नाहीं. ज्यानें ठराविक आवृत्तीचें गाठोडें घेतलें त्याला तें सांगतां येईल. छापील ग्रंथाची आवृत्ति व पृष्ठ देण्याची शिस्त आपण पाळतों, तीच येथें पाळावयाची. ताजेपणा हा वर्तमानपत्राचा गुण आहे. उल्लेखाला स्थिरता लागते.

मात्र गाठोडें घेऊन बसलेल्यानें त्याच्या बाहेर पाहावयाचेंच नाहीं असा याचा अर्थ होऊं नये. मजकूर गाठोड्यांतला वापरावा, पण जेथें तारीख किंवा स्थलनाम यांवर कांहीं ठरत असेल तेथें त्या पानाचें चित्र मागवून डोळ्यांनीं वाचावें. चित्रें देण्याचा ट्रिपलआयएफ नांवाचा एक सामायिक संकेत गेल्या दशकांत पुष्कळ दफ्तरखान्यांनीं स्वीकारला आहे. त्यामुळें सबंध पान न आणतां तारखेच्या ओळीपुरता तुकडा मोठा करून मागवितां येतो. ज्यांनीं दिव्याच्या उजेडांत मोडीची एकेक ओळ भिंगानें लावली आहे त्यांना हें सुख काय आहे तें कळेल.

नांवांचा विषय येथें थोडक्यांत आटोपतों. १७६५ सालीं मुंबईच्या इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेतला व त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. पुढच्याच सालीं तो कोल्हापूरकरांस परत गेला. तेवढ्या काळाचे कागद ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द देऊन शोधणाऱ्याच्या हातीं लागणार नाहींत. सबब पेटींत पर्यायी नांवांची यादी कालमर्यादेसह ठेवावी लागली. १७५२ नंतर इंग्रजही नव्या गणनेनें लिहूं लागल्यामुळें या प्रकरणाच्या तारखांस हात लावण्याचें कारण पडत नाहीं. एक त्रास कमी.

आतां नकल ठेवण्याविषयीं. जाळ्यावरील पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा आहे, बिऱ्हाड बदलतें. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या उपक्रमांत मराठीचे कितीतरी जुने ग्रंथ चित्रबद्ध झाले. तें मूळ संकेतस्थळ पुढें बंद पडलें, आणि त्यांतील पुष्कळ ग्रंथ आज इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात ते कोणी तरी वेळीं उतरवून ठेविले म्हणून. यासाठीं आमची पेटी जें जें मागविते त्याची एक प्रत, आलें तशी, एक अक्षर न बदलतां, मागविल्याच्या तारखेसह घरीं ठेविते. तारखेचें रूपांतर, नांवांची सुधारणा वगैरे सर्व त्या प्रतीवरून निराळ्या कागदावर करावयाचें. मूळ प्रतीवर लेखणी चालवावयाची नाहीं. प्रतीबरोबर तिचा ठसाही ठेवितों. यंत्र मजकुरावरून ६४ अक्षरांची एक खूण काढतें. मजकुरांतील एक काना जरी इकडचा तिकडे झाला तरी खूण साफ बदलते. पुढें कोणीं ‘तुमच्या प्रतींत असें नाहीं’ असें म्हटलें तर दोन्ही खुणा शेजारीं ठेवाव्या, म्हणजे वाद मिटतो. हस्तलिखितांच्या दोन प्रतींचा ताळा करण्यांत दिवस घालविलेल्या आम्हां लोकांना या सोयीचा हेवा वाटतो.

घरीं प्रत असली म्हणजे आणखी एक लाभ होतो. पुन्हां तीच नोंद हवी असतां सर्व्हरला ‘ती आणा’ असें न म्हणतां ‘माझ्याजवळ अमुक दिवसाची आहे, त्यानंतर बदलली असेल तरच द्या’ असें विचारतां येतें. बदललेली नसेल तर तो तसें एका ओळींत सांगतो. यानें परसंस्थेवरचा भार हलका होतो, आणि पावसाळ्यांत या किनाऱ्यावर वीज गेली असतां आमचें कामही अडत नाहीं. मागणी करितांना पेटी आपलें नांव व कामाचा हेतु चिठ्ठीवर लिहिते. दोन मागण्यांत अवकाश ठेविते. आणि कोठें ‘थांबा’ असें उत्तर आलें तर थांबते. दफ्तरखान्याच्या वहींत सही करून आंत जाणें जितकें सहज, तितकेंच हें असावें. नांव लपवून एका रात्रींत हजारों पानें ओढणाऱ्या यंत्रांमुळें कित्येक संस्थांनीं आपल्या खिडक्या आतां अर्ध्या मिटल्या आहेत, आणि त्याचा भुर्दंड सरळ वाचकांना बसतो.

राहिला ताळा. कोणत्याही वाटेनें नोंद आली तरी ती शकावलींत बसण्यापूर्वीं पेटी तिची तिथि गणितानें काढते आणि नोंदींत तिथि दिलेली असल्यास तिच्याशीं ताडून पाहते. एका दिवसाचा फरक सोडून द्यावा लागतो. सूर्योदयाची तिथि व प्रसंगाची वेळ यांमुळें तो येतोच. दहा किंवा अकरा दिवसांचा फरक दिसला तर गणनेचा घोटाळा समजून नोंद बाजूस काढते. सबंध वर्षाचा दिसला तर वर्षारंभाचा. वीस दिवसांचा फरक हा आमच्यासारख्या शहाण्यांनीं दोनदां केलेल्या रूपांतराचा, हें आतां त्या पेटीला कायमचें शिकविलें आहे. कसोटीसाठीं तीन मित्या पक्क्या धरल्या आहेत: सिंधुदुर्गाच्या आरंभाची मार्गशीर्ष वद्य द्वितीया, त्याच्या समाप्तीची चैत्री पौर्णिमा आणि राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. पेटींत कांहींही फेरफार केला कीं या तिन्ही बरोबर येतात कीं नाहीं तें प्रथम पाहावयाचें, मग पुढें जावयाचें. गणिताचा भाग नवा नाहीं. ज्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं सेवेलसाहेबांबरोबर १८९६ सालीं ‘इंडियन कॅलेंडर’ सिद्ध केलें ते याच कोंकणच्या मुरुडचे. त्यांनीं कोष्टकांवरून हातानें केलें तेंच यंत्र करितें, फक्त कंटाळत नाहीं.

शकावलीचा दुसरा खर्डा आतां तयार झाला आहे. प्रत्येक नोंदीस चार रकाने आहेत: मूळांतील मिती जशीच्या तशी, तिची गणना, जुनी तारीख व नवी तारीख. ज्या नोंदीची गणना ठरवितां आली नाहीं तिच्या पुढें रकाना कोरा ठेविला आहे. तो अंदाजानें भरलेला नाहीं. असे कोरे रकाने बरेच आहेत, आणि त्यांतील बहुतेक नोंदी पान खरवडूनच आणलेल्या आहेत.

ज्या संग्राहकांजवळ मालवण, आचरें, देवगड, वेंगुर्लें, सावंतवाडी या भागांतील कागद असतील त्यांस विनंति कीं, आम्हांस यादी पाठवितांना इंग्रजी तारीख काढून पाठवूं नये. शक, तिथि, वार, शुहूर सनाचे शब्द, चंद्र, जें जसें लिहिलें असेल तें तसेंच उतरून पाठवावें. अक्षर लागत नसेल तर त्या ओळीचें चित्र पाठवावें. समासांत प्रश्न लिहून परत करणाऱ्या आमच्या मालवणकर स्नेह्यांकडे दुसरा खर्डा गेला आहे. तो अद्याप आलेला नाहीं.